काचेआडचे चार गार्ड

निनाद, ईरा,

भोपाळला माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी कॅप्टन होते, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये. पुण्याला ट्रेनिंग, मग अंबाला, मग जम्मू आणि त्यानंतर भोपाळ. तुमचे आजोबा पिपलानीच्या कारखान्यात इंजिनिअर होते. नवरा-बायकोला एका गावी ठेवावं असा अर्ज मी दोनदा केला. दुसऱ्यांदा तो मंजूर झाला. तुमची आई तेव्हा दुसरीत होती. मी पहाटे पांढरा युनिफॉर्म घालून निघायचे आणि आजोबा तिची वेणी घालायचे. वेणी रोज वाकडी असायची.

निनाद, मागच्या आठवड्यात तू तुझ्या गॅरेजमधला व्हिडिओ पाठवलास. अँगल ग्राइंडरने तू लोखंडी पाइप कापतो आहेस. ठिणग्या सुरेख उडताना दिसतात. मी तो तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा खात्री झाली की ग्राइंडरला गार्ड, म्हणजे चकतीवरची लोखंडी टोपी, नाही. मी विचारलं, तर तू लिहिलंस, 'तो मध्ये येतो आजी, म्हणून काढला.' याला फोनवर दोन ओळींत उत्तर देणं मला जमलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. ईरा, तू ग्राइंडरला हात लावत नाहीस, तरी तूही वाच. तुमच्या आईलाही मी यातलं फारसं सांगितलेलं नाही. सौम्य करून सांगता येईल असं यात काही नव्हतं.

हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीला लागून एक वर्कशॉप होतं. तिथे गाड्या, ट्रेलर, जनरेटर दुरुस्त व्हायचे. त्याचं नाव मी लिहीत नाही. मधल्या भिंतीत एक छोटं फाटक होतं. त्या फाटकातून दर आठवड्याला कोणी ना कोणी डोळ्यावर रुमाल धरून माझ्याकडे यायचा. डोळ्यात लोखंडाचा कण गेलेला असायचा. शेवटी तिथल्या ओ.सी. साहेबांनी, म्हणजे वर्कशॉपच्या प्रमुख मेजरनी, मला दर महिन्याला फर्स्ट एडचा क्लास घ्यायला बोलावलं. तिथे माझी हवालदार भाऊराव धोटे यांच्याशी ओळख झाली.

धोटे वर्धा जिल्ह्यातले, आर्वीकडचे. उंचीने कमी, मनगट जाड, जीभ फटकळ. वर्कशॉपमधलं सगळं कटिंग आणि वेल्डिंग त्यांच्याकडे होतं. हाताखालची मुलं त्यांना उस्ताद म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं,

"मॅडम पुण्याच्या का?"

"इंदूरची."

"मंग जमते. पुण्याच्या असत्या तं आधी आमची चूक निघाली असती, मलमपट्टी मागून."

माझ्या क्लासनंतर ते अर्धा तास ग्राइंडरवर बोलायचे. मी थांबून ऐकायचे. कुठल्या जखमा होऊ शकतात हे मला कळायला हवं होतं. ते म्हणायचे, "मॅडम, तुमच्यापाशी सुई, माह्यापाशी चकती. दोन्ही अंगावर आल्या तं माणूस ओरडते. फरक इतकाच का माहीवाली आली तं ओरडाले टाइम भेटत नाही."

मुलं हसायची. मीही हसले होते.

त्यांनी जे शिकवलं ते निनादसाठी लिहून ठेवते. चकतीवर जास्तीत जास्त वेग छापलेला असतो. तो ग्राइंडरच्या वेगापेक्षा कमी असता कामा नये. मोठ्या मशीनची चकती छोट्या मशीनला कधी लावायची नाही. मधल्या रिंगेवर मुदत छापलेली असते. ती उलटली की चकती फेकायची, कितीही नवी दिसली तरी. हातातून पडलेली किंवा ओल धरलेली चकती वापरायची नाही. चकती बदलताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. नवी चकती लावली की तोंड बाजूला ठेवून ती जरा वेळ रिकामी फिरवायची. बाजूचं हँडल लावलेलं असलं पाहिजे आणि दोन्ही हात मशीनवर असले पाहिजेत. डोळ्यांवर चष्मा आणि त्यावर चेहऱ्याची शील्ड. चकती ज्या रेषेत फिरते, त्या रेषेत आपण उभं राहायचं नाही आणि दुसऱ्यालाही उभं राहू द्यायचं नाही. लोखंड असं टेकवायचं, की कापलेली फट उघडत जाईल. फट मिटली तर चकती चावली जाते, आणि चावली गेलेली चकती फुटते.

"अन् फुटली तं गार्ड," असं म्हणून ते चकतीवरच्या त्या अर्धगोल लोखंडी टोपीवर टिचकी मारायचे. "तुकडे याच्यात अडकते. हा नसन तं मॅडमकडे जावं लागते. गेले तं."

त्या वर्षी मोठं इन्स्पेक्शन होतं. जनरल साहेब येणार होते. फौजेत इन्स्पेक्शनच्या आधी काय चालतं हे तुम्हाला परदेशात कळणार नाही. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागतो. दगड रंगतात. अग्निशमनाच्या बादल्या इतक्या लखलखीत होतात, की आग लागली तरी त्यातली वाळू कोणी ओतू देणार नाही. प्रत्येक विभाग काहीतरी दाखवण्यासारखं तयार करतो. वर्कशॉपच्या सुभेदार साहेबांनी सेफ्टी बोर्ड करायचं ठरवलं.

सुभेदार साहेब टापटिपीचे होते. त्यांच्या बुटात तोंड दिसायचं. सागवानी चौकट, आत हिरवं कापड, समोर काच, काचेच्या झडपेला पितळी कुलूप. वर इंग्रजीत आणि हिंदीत अक्षरं, 'सुरक्षा पहले'. मधोमध त्यांना खरे गार्ड हवे होते. वर्कशॉपमध्ये चार मोठे ग्राइंडर होते. चारही गार्ड काढून, लाल रंग देऊन बोर्डवर बसवायचे, खाली पांढऱ्या अक्षरात नंबर घालायचे, असा हुकूम झाला.

हे काम मनोजला मिळालं. मनोज क्राफ्ट्समन होता, तेवीस-चोवीस वर्षांचा, बऱ्हाणपूरच्या मराठी घरातला. त्याचा ब्रशवरचा हात फार चांगला होता. छावणीतल्या निम्म्या पाट्या त्यानेच रंगवल्या होत्या. त्या दिवशी माझा क्लास होता. क्लास संपला तेव्हा तो स्टुलावर बसून पान्याने चौथा गार्ड सोडवत होता. तोंडाने शीळ घालत होता.

धोटे तिथेच उभे होते. ते म्हणाले, "सुभेदार साहेब, हे वापस कब लगेंगे?"

"इन्स्पेक्शन के बाद."

"तब तक काटना कैसे?"

"संभल के."

सगळे हसले. धोटे हसले नाहीत. त्यांनी चारही ग्राइंडर स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि हाताखालच्या मुलांच्या हातात आरी दिली. दीड-दोन महिने त्या वर्कशॉपमध्ये लोखंड हाताने कापलं गेलं. मुलं वैतागली. पाठीमागे ती त्यांना 'आरीवाले बाबा' म्हणू लागली. सर्वात मोठ्याने मनोज म्हणायचा. धोट्यांना ते माहीत होतं.

एकदा माझ्यासमोरच मनोज तळहातावरचे फोड दाखवायला आला. धोटे मागून म्हणाले, "पोट्ट्या, आरीनं हात दुखते. पण दुखाले हात तं राहते."

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी सकाळपासून वर्कशॉपमध्ये धावपळ होती. अंगणात एक मोठा ट्रेलर उभा होता. रणगाडे वाहून नेतात तसला. त्याच्या मागच्या बाजूला गाडी चढवण्यासाठी लोखंडी रॅम्प असतो. रॅम्प उचलून लाकडी ठोकळ्यावर टेकवला होता आणि मनोज बिजागरीच्या आतल्या बाजूला रंग देत होता. दुपारी बाराच्या सुमाराला ठोकळा सरकला. रॅम्प खाली आला. रॅम्पच्या काठाचा जाड चॅनल आणि ट्रेलरचा मागचा बीम यांच्या मध्ये मनोजचं उजवं मनगट सापडलं.

फाटकातून एक जवान धावत आला. मी बॅग आणि वॉकी-टॉकी घेऊन गेले. आमचे सर्जन ऑपरेशन थिएटरमध्ये होते. एका नायकाच्या बायकोचं सिझेरियन चालू होतं.

मनोज गुडघ्यांवर बसला होता. हात खांद्याच्या उंचीवर अडकलेला. रक्त फार नव्हतं. बोटं पांढरी पडली होती. तो ओरडत नव्हता, 'मॅडम, मॅडम' एवढंच म्हणत होता. वर्कशॉपच्या मुलांनी जॅक लावून पाहिला होता. एका बाजूने जॅक उचलला की रॅम्प पिळवटायचा आणि मनगटावर आणखी दाबायचा. क्रेन दुसऱ्या युनिटमध्ये होती. यायला तासभर लागणार होता.

मी वॉकी-टॉकीच्या सेटवर सर्जनना कळवलं.

"उजवं मनगट अडकलंय, सर. बोटांत रक्त नाही. ओव्हर."

"कधीपासून? ओव्हर."

"दहा-बारा मिनिटं. लोखंड हलत नाही. ओव्हर."

"इथले टाके घालून अर्ध्या तासात पोचतो. तोपर्यंत सुटला नाही तर तिथेच हात काढावा लागेल. अॅम्प्युटेशन सेट मागवून ठेवा. त्याला सांगू नका. ओव्हर."

सेटचा आवाज मोठा होता. मनोजने सगळं ऐकलं होतं. त्याने धोट्यांकडे पाहिलं. तो म्हणाला, "उस्ताद, हात नका जाऊ देऊ."

धोटे वाकून लोखंड बघत होते. ते म्हणाले, "चूप बस. हात काहून कापते? लोखंड कापतो मी."

गॅस कटरने कापलं असतं तर उष्णतेने मनगट भाजून निघालं असतं. आरीला तासभर लागला असता. राहिला ग्राइंडर. मनगटाच्या डावीकडे एक काप, उजवीकडे एक काप, की चॅनलचा मधला तुकडा मोकळा होणार होता. धोट्यांनी कपाट उघडलं. एक्स्टेन्शन बोर्ड आणला. थिनरचे डबे लांब न्यायला लावले. मी मनोजवर ओलं ब्लँकेट घातलं, डोकं आणि हात झाकले आणि त्याच्या डाव्या बाजूला बसले.

मग धोटे उठून ओ.सी. साहेबांना म्हणाले, "सर, गार्ड चाहिए."

बोर्ड समोरच्या व्हरांड्यात होता. वीस पावलांवर. काच ऊन परतवत होती.

ओ.सी. साहेबांनी सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदार म्हणाले, "सर, गार्ड पीछे से बोल्ट किए हैं, ऊपर से रंग है. पूरा बोर्ड उतारना पड़ेगा. फिर कल तक नहीं लगेगा."

"कितना टाइम?"

"पंद्रह-बीस मिनट, सर."

मी म्हणाले, "काच फोडा. समोरून पहारीने उचकटून काढा."

सुभेदार साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरात चपला घालून आले आहे. ओ.सी. साहेब शांतपणे म्हणाले, "सिस्टर, प्लीज अटेंड टु युअर पेशंट."

नंतर त्यांनी विचारलं, "धोटे, बिना गार्ड के हो जाएगा?"

हा हुकूम नव्हता. फौजेत असा प्रश्न विचारला की उत्तर एकच असतं. धोट्यांनी मनोजच्या बोटांकडे पाहिलं.

"हो जाएगा, सर."

पहिला काप डाव्या बाजूचा होता. ठिणग्या बाहेरच्या बाजूला जातील असं त्यांनी मशीन धरलं. स्वतः चकतीच्या रेषेतून बाजूला उभे राहिले. फट रुंदावत गेली तशी त्यांनी तिच्यात लाकडी पाचर ठोकली. काप सहा-सात मिनिटांत पुरा झाला. ब्लँकेटखाली मनोज माझ्या हाताला चावत होता. मी चावू दिलं.

दुसरा काप उजव्या बाजूचा. तिथे ट्रेलरचं चाक होतं आणि जागा अगदी अरुंद. ग्राइंडर दोनच तऱ्हांनी धरता येत होता. एका तऱ्हेत मनोजचं डोकं चकतीच्या रेषेत येत होतं. दुसऱ्या तऱ्हेत कापणाऱ्याची मान. गार्ड असता तर दोन्ही चाललं असतं. धोट्यांनी पहिल्या तऱ्हेने मशीन टेकवलं, बटण दाबलं नाही, तसंच उचललं. चाकाला वळसा घालून पलीकडे गेले आणि दुसऱ्या तऱ्हेने धरलं.

मी म्हणाले, "धोटे, तुम्ही रेषेत आहात."

"माहीत आहे, मॅडम. पोट्ट्याचं डोकं झाका."

थोडं उरलं तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं. "सर, आखरी का आरी से करूँगा. लोड इधर आ गया है. फट बंद होगी."

ओ.सी. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "कितना?"

"दस मिनट."

सेटवर सर्जन होते. "सिस्टर, बोटं कशी आहेत? ओव्हर."

"निळी, सर. ओव्हर."

"दहा मिनिटं नाहीत. ओव्हर."

ओ.सी. साहेब म्हणाले, "धोटे, फिनिश इट."

धोट्यांनी पुन्हा बटण दाबलं. ठिणग्या निघाल्या. मग मशीनचा आवाज एकदम जड झाला. त्यानंतर दार आपटावं तसा एक आवाज. ग्राइंडर खाली पडून जमिनीवर नाचू लागला. कोणीतरी प्लग ओढला. धोटे ट्रेलरच्या चाकाला पाठ टेकून बसले होते. शील्ड चेहऱ्यावर शाबूत होती. चकतीचा तुकडा शील्डच्या खालून गळ्यात गेला होता.

ते ओरडले नाहीत.

चॅनल तुटला होता. दोघांनी पहारीने तुकडा उचलला आणि मनोजचा हात बाहेर आला. मी तोपर्यंत धोट्यांच्या गळ्यावर दोन्ही हातांनी दाब धरला होता. मोठी रक्तवाहिनी होती. माझ्या बोटांच्या मधून सगळं येत होतं. त्यांचे डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या मागे, मनोज उभा होता तिकडे पाहत होते.

सेट जमिनीवर वाजत होता.

"सिस्टर, रिपोर्ट. ओव्हर."

एका जवानाने सेट माझ्या तोंडाशी धरला. मी म्हणाले, "हात सुटला, सर. ओव्हर."

"वेल डन. अॅम्प्युटेशन सेट परत पाठवा. ओव्हर."

"सर, दुसरा जखमी आहे."

अॅम्ब्युलन्स फाटकापाशी वळत होती तेव्हा माझ्या हाताखालची नाडी थांबली.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन झालं. ते पुढे ढकललं नव्हतं. ट्रेलर हलवला होता. ती जागा लाल मुरुमाने भरून चुन्याच्या रेषा मारल्या होत्या. जनरल साहेबांनी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. ती पाळली गेली. मग ते व्हरांड्यात बोर्डसमोर थांबले. चारही गार्ड जागेवर होते. तीन नंबर धोट्यांच्या हातातल्या ग्राइंडरचा. जनरल साहेब म्हणाले, "व्हेरी गुड. किसने बनाया?"

सुभेदार साहेबांनी मनोजचं नाव सांगितलं.

तासाभराने वॉर्डचा राउंड झाला. जनरल साहेब मनोजच्या खाटेपाशी आले. हात प्लास्टरमध्ये होता. दोन बोटं पुढे कायमची ताठ राहिली, पण हात वाचला. त्यांनी बोर्डबद्दल त्याला शाबासकी दिली. मनोज खाटेवर सावधान बसला आणि म्हणाला, "थँक यू, सर." मी चार्ट धरून उभी होते.

त्याच आठवड्यात मी वर्कशॉपमध्ये गेले तेव्हा राहिलेल्या तीनही ग्राइंडरना गार्ड लावलेले होते. शहरातून आणलेले, नवे. त्यांच्यावर एका ठिणगीचाही डाग नव्हता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी लांबलचक टेबलाशी झाली. तीन अधिकारी. ओ.सी. साहेबांची साक्ष झाली, सुभेदारांची झाली, मग माझी. चारही गार्ड बोर्डसाठी काढले होते आणि ते काढताना मी पाहिलं, असं मी सांगितलं. काच फोडा असं मी म्हणाले होते, तेही सांगितलं. मधले अधिकारी म्हणाले, "सिस्टर, काइंडली कन्फाइन युअरसेल्फ टु द मेडिकल पार्ट." मी जखमेचं वर्णन केलं. तेवढं लिहून घेतलं गेलं.

मनोजची साक्ष शेवटची. तो अजून माझा पेशंट होता, म्हणून मला त्याच्यासोबत थांबू दिलं. शपथ घ्यायला उजवा हात वर करायचा असतो. त्याचा हात एकट्याने वर जात नव्हता. मी कोपराखाली हात धरला. त्याने शपथ घेतली.

"ग्राइंडर का गार्ड किसने निकाला?"

"हवालदार साहब खुद निकाल देते थे, सर."

"क्यों?"

"बोलते थे, गार्ड लगा तो कोने में नहीं जाता."

"और बोर्ड वाले गार्ड?"

"वो तो स्पेअर थे, सर."

मी कोपर सोडलं नाही. सोडलं असतं तर टाके तुटले असते.

वॉर्डकडे परतताना मी विचारलं, "मनोज, गार्ड कोणी काढले?"

तो चालत राहिला. फाटकापाशी म्हणाला, "मॅडम, उस्ताद तर गेले ना. त्यांना आता काय फरक पडतो?"

निकाल निघाला. मृत व्यक्तीचा स्वतःचा निष्काळजीपणा. ओ.सी. साहेबांना पुढे प्रमोशन मिळालं. सुभेदार साहेब मानाने रिटायर झाले.

धोट्यांची बायको भावासोबत गावाहून आली होती. सामान घ्यायला. लोखंडी पेटी, चपला, दाढीचं सामान. तिला माझ्याकडे पाठवलं, कारण मी मराठी बोलणारी. ती बराच वेळ पेटीवर हात ठेवून बसली. मग म्हणाली,

"बाई, त्यायनं ते टोपण काहून काढलं जी?"

"त्यांनी काढलं नव्हतं."

"मोठे साहेब तं म्हणत होते."

"साहेब खोटं बोलले."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. भाऊ म्हणाला, "ताई, चाल. गाडी हाये." तिने माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, मला कळलं नाही. एक नर्स सांगते आणि एक मेजर सांगतो. मी तिच्या जागी असते तर मलाही ठरवता आलं नसतं.

मी वर दोनदा लिहिलं. पहिल्यांदा उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा उत्तर म्हणून बदली आली. तुमच्या आईची वेणी त्यानंतर आणखी तीन वर्षं आजोबांनीच घातली.

आता या वर्षाकडे येते. पावसाळ्याआधी इथे भोपाळच्या घरात माझ्या बाल्कनीला जाळी करायची होती. माकडं आत येतात. शेजारच्या शर्माजींनी इंद्रपुरीच्या रस्त्यावरचं एक दुकान सुचवलं. ग्रिल, शटर, गेट. मी गेले. फुटपाथवर दोन पोरगे अँगल कापत बसले होते. एकाच्या पायात स्लिपर, डोळ्यांवर साधा गॉगल. मी आधी ग्राइंडरकडे पाहिलं. गार्ड नव्हता. दुसऱ्याच्याही नव्हता.

आतून मालक आला. पोट सुटलेला, केस पांढरे. माझ्याकडे बघत राहिला. मग टाचा जुळवून उभा राहिला.

"मॅडम? जय हिंद, मॅडम. ओळखलं नाही? मनोज. तुमच्यावाला हात."

त्याने उजवं मनगट पुढे केलं. टाक्यांचे वण मला ओळखू आले. त्याने खुर्ची पुसली, चाय मागवली. मुलगा मंडीदीपला कंपनीत आहे, मुलीचं लग्न झालं, फौजेनंतर हे दुकान टाकलं, देवाच्या दयेने चांगलं चाललंय, असं तो सांगत गेला. त्याच्या बोलण्यात कुठेही काही लपवल्यासारखं नव्हतं.

मी म्हणाले, "मनोज, पोरांच्या ग्राइंडरला गार्ड नाही."

"हो मॅडम. काढूनच टाकतो मी. गार्ड लावला की कोपऱ्यात जात नाही." तो हसला. "उस्ताद पण हेच म्हणायचे."

"कोण उस्ताद?"

"धोटे उस्ताद. विसरलात का? असा कारागीर मी दुसरा नाही पाहिला. पोरांना रोज सांगतो त्यांच्याबद्दल." त्याने बाहेर हाक मारली. "काय रे सोनू, धोटे उस्ताद काय म्हणायचे?"

पोराने मान वर न करता म्हटलं, "गार्ड लगा तो कोने में नहीं जाता."

मनोजने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. त्याच्या डोळ्यांत मी बराच वेळ काहीतरी शोधत होते. लाज, भीती, निदान आठवण. तिथे काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत ते त्याने स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं, की ते खरं होऊन बसलं होतं.

मी म्हणाले, "ते असं म्हणत नसत. गार्ड तू काढलेस. मी पाहिलं होतं."

चहा आला. त्याने कप माझ्यापुढे सरकवला, त्याच हाताने.

"मॅडम, तुमचं वय झालं," तो हळूच म्हणाला. "होते कधी कधी असं."

बाहेर ग्राइंडर पुन्हा सुरू झाला. मी चहा न घेता उठले. जाळी दुसरीकडून करून घेतली.

निनाद, तू माझ्या नातवांपैकी हाताने काम करणारा आहेस, याचा मला आनंद आहे. गार्ड शोध आणि आजच लाव. तो मध्ये येत असेल तर काम वेगळ्या बाजूने धर. तसंही जमत नसेल तर आरी घे. हात दुखेल.

त्या वर्कशॉपमध्ये धोट्यांच्या नावाची पाटी नाही. फोटो नाही. गावात त्यांच्या नावाचा चौक नाही. सैनिकाचं नाव जिथे कोरतात तिथे निष्काळजीपणाने मेलेल्याचं नाव कोरत नाहीत. एका दुकानात त्यांचं नाव रोज घेतलं जातं, ते चुकीच्या वाक्यासाठी. म्हणून इथे लिहून ठेवते. तुम्ही दोघांनी लक्षात ठेवायचं.

हवालदार भाऊराव धोटे. वेल्डर. मुक्काम आर्वीजवळचं एक खेडं. मनोजचं डोकं रेषेतून बाहेर काढण्यासाठी ते चाकाला वळसा घालून पलीकडे गेले. गार्ड त्यांनी काढला नव्हता.

तुमची आजी